पाठीत सुरा खुपसणारा रामलू

वेताळाचे शत्रू थोडेथोडके नव्हते. चाचे होते, तस्कर होते, ढोंगी मांत्रिक होते. पण मैत्रिणींनो, लहानपणी ज्याच्या नावाने माझी झोप उडायची तो होता रामलू! समोर येऊन लढणाऱ्यांची कसली आलीय भीती? हा मदतनीस म्हणून आला, एकविसाव्या वेताळाच्या वडिलांचा विश्वास जिंकला, मग त्यांच्याच पाठीत सुरा खुपसला आणि कमरेचा पट्टा पळवला. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक निघाला तो या पट्ट्याच्याच गोष्टीचा. ही पुस्तकं मराठीतही यायची. इंजिन बदलायला गाड्या इगतपुरीला हमखास थांबायच्या, त्यामुळे आम्हा रेल्वे कॉलनीतल्या पोरांची स्टेशनच्या स्टॉलपाशी सतत घुटमळ असे. एक अंक दहा घरं फिरून यायचा. तोवर कव्हर गेलेलं असायचं, ते सोडा.

परवा ती गोष्ट पुन्हा वाचली. आता एक गंमत ठाऊक आहे, जी तेव्हा नव्हती. ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत वेताळ जन्माला घातला, तेव्हा समुद्री चाचे होते ‘सिंग’. पुढे पट्टा चोरणारा आला, त्याचं नाव चक्क ‘रामा’! आपल्याकडे छापताना इंद्रजालवाल्यांनी शहाणपणा केला. सिंगचे सिंगा झाले, वेताळाच्या देशाचं डेंकाली झालं आणि रामाचा रामलू. बरंच केलं म्हणा! घरोघरी जे नाव देव्हाऱ्यात, तेच खुन्याला लावलेलं कोणत्या आजीने खपवून घेतलं असतं?

पण नावं बदलली तरी चित्रं तीच राहिली ना! माझा नातू दहा वर्षांचा आहे. तो शेजारी बसून ऐकत होता. मधेच म्हणाला, “आजी, जंगल त्यांचं, मग राखायला हा गोरा का? आणि वाईट माणसं आपल्यासारखी का दिसतात?” मी गप्पच. चाळीस-पन्नास वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही तर वेताळाच्या बाजूने उभे राहून आपल्यासारख्याच माणसांना शिव्या घालत होतो.

सूनबाई म्हणाली, “नकोच मग ही पुस्तकं.” मला ते पटलं नाही. पुस्तक लपवलं तर पोराने एवढा नेमका प्रश्न विचारला असता का? शिवाय रामलूची गोष्ट मुळात रंगाची नाहीच. घरात घेतलेला, जेवू घातलेला माणूस उलटतो, हे भय रंग बघून येत नाही. सासर-माहेरच्या जमिनीचे वाद पाहिलेल्या बायकांना ते काय सांगायचं!

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. माझ्याकडे पाच-सहाच अंक उरलेत, तेही पिवळे पडलेले, दोऱ्याने शिवलेले. नातवाने त्यातला पट्ट्याचा अंक उचलून नेलाय. रामलूचं पुढे काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही. वाच म्हटलं, आणि अजून काही खटकलं तर विचारायला ये.