आधी पाणी निवळा, मग पावडर टाका



मृगाचा पाऊस पडला की विहिरीचे पाणी गढूळ होते. बांधावरची माती, पालापाचोळा, शेण, सारे ओघळाबरोबर आत येते. मग जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, पाण्याला वास येतो आणि पारावर चर्चा सुरू होते, "या पावडरीने म्हणे कर्करोग होतो!" परवा एका आजींनी मलाही हेच विचारले.

आजींची भीती अगदीच बिनबुडाची नाही. पावडरीतला क्लोरीन जंतू मारतो. पण पाण्यात कुजका पाला, शेण असले तर त्यांच्याशीही त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्ये तयार होतात. हॉलंडमधील रॉटरडॅमचे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी हे १९७४ साली दाखवून दिले. अशी द्रव्ये जास्त प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात जाणे बरे नव्हे. म्हणून आपल्याकडे २०१२ च्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातील क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम ठेवली आहे.

मग पावडर बंद करायची का? मुळीच नाही! कॉलरा, गॅस्ट्रो दोन दिवसांत घरचे माणूस नेतात. या द्रव्यांच्या भीतीने पाण्याचे निर्जंतुकीकरण ढिले करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही बजावते. पावडर सोडायची नाही, पाण्यातली घाण कमी करायची.

गढूळ पाण्यात ग्लायफोसेट कालवले तर ते मातीलाच चिकटते आणि तण तसेच राहते, हे तुम्ही जाणताच. क्लोरीनचेही तसेच. घाणीवर तो खर्ची पडतो, जंतूंसाठी उरत नाही, म्हणून पावडर वाढवावी लागते. पावडर वाढली की नको ती द्रव्येही वाढतात.

तेव्हा एवढे करा :

१) पावसाआधी विहिरीतला गाळ व पाला काढा. कठडा उंच बांधा, ओघळ दुसरीकडे वळवा. उकिरडा व गोठा विहिरीपासून लांब ठेवा.

२) पावडर अंदाजाने टाकू नका. स्वच्छ पाण्याच्या दर हजार लिटरला ताजी, चांगली पावडर अडीच ग्रॅम लागते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३८ हजार लिटर भरते. त्याला ९५ ग्रॅम पुरे. पाणी गढूळ असेल तर मात्रा वाढवावी लागते. ती जलसुरक्षकाकडून तपासून घेऊनच ठरवा.

३) पावडर बादलीत कालवून दहा मिनिटे ठेवा. वरची निवळी विहिरीत सोडून ढवळा, खालचा चुना टाकून द्या. हे संध्याकाळी करा आणि पाणी सकाळी भरा.

४) घरी गढूळ पाणी आले तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा. गाळ बसला की वरचे पाणी दुपदरी फडक्यातून गाळा आणि मगच क्लोरीनचे औषध घाला. औषधाची मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घ्या. अर्धा तास थांबून पाणी प्या.

५) पावडर कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. ओल लागली की तिचा जोर जातो.

पाण्याला येणारा थोडा वास राखणदाराचा समजा. त्याला हाकलू नका, त्याचे काम तेवढे हलके करा. आधी निवळ, मग औषध, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.