'राजसंन्यास'मधील संभाजी : प्रमाद आणि सहानुभूती

शोकात्मिकेचा नायक सर्वस्वी निर्दोष वा सर्वस्वी दुष्ट नसावा, ही ॲरिस्टॉटलची अपेक्षा सर्वपरिचित आहे. नायक ऐतिहासिक राजा असेल, तर मात्र एक वेगळा प्रश्न उपस्थित होतो : त्याचा प्रमाद प्रेक्षकाला मान्य असतो काय?

राम गणेश गडकरी यांच्या निधनामुळे (१९१९) अपूर्ण राहिलेल्या 'राजसंन्यास'मधील संभाजी विलासात गुंतून राजधर्माला मुकतो. तरीही तो सहानुभूती गमावत नाही; कारण अखेरीस शत्रूला वा नियतीला बोल न लावता तो स्वतःच स्वतःचा न्यायनिवाडा करतो. राजा हा उपभोगाचा धनी नव्हे, ही जाण त्याला येते, तेव्हा सावरण्याची वेळ टळून गेलेली असते. प्रेक्षकाच्या करुणेचे मूळ या उशिरा आलेल्या जाणिवेत आहे.

ही करुणा दोषाच्या गृहीतावर उभी आहे. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचे साधार संभाजीचरित्र प्रसिद्ध झाले आणि बखरींनी रंगविलेल्या व्यसनी राजाच्या प्रतिमेचा पाया डळमळला. वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये भर आहे तो बलिदानावर. तेथे करुणेपेक्षा आदर प्रबळ ठरतो. ज्याला प्रमादच अमान्य, त्याला गडकऱ्यांचे चित्रण बदनामीच वाटते. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा हटविला गेला, तो याच रोषातून.

सारांश, काल्पनिक नायकाचा दोष नाटककार ठरवितो; ऐतिहासिक राजाच्या दोषाला प्रेक्षकाची संमती लागते. ती ओसरली, की तीच शोकात्मिका आरोपपत्र भासू लागते. 'राजसंन्यास' शिकविताना हा भेद विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे ठेवला, तरच नाटककार आणि इतिहासातील राजा या दोघांनाही न्याय मिळेल.