हृदयाच्या ऑपरेशननंतर शरीराचा पहारा ढिला पडतो



नांदेडच्या एका वस्तीत झडपेचे ऑपरेशन करून घरी आलेल्या ताईंना भेटायला गेले होते. पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस माणसे दाटीने बसलेली, दोघे-तिघे खोकत होते. चार दिवसांनी ताईंना ताप आला, छातीत कफ भरला, पुन्हा दवाखाना गाठावा लागला. वेळेवर नेले म्हणून त्या वाचल्या. घरचे मला विचारत होते, "सिस्टर, ऑपरेशन तर चांगलं झालं होतं, मग असं कसं झालं?"

याचे उत्तर आपल्या रक्तात आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. अशा ऑपरेशनमध्ये हृदय थांबवून रक्त हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून फिरवतात. नळ्यांचा परका स्पर्श आणि ऑपरेशनची जखम यांमुळे न्यूट्रोफिल नावाच्या पेशी खवळतात. जंतू नसतानाही त्या लढायला उठतात आणि अंगात दाह होतो. हा दाह आवरताना शरीर पहाराच ढिला करते. लिम्फोसाइट पेशी कमी होतात. मोनोसाइट पेशी जंतूची खबर इतर पेशींना नीट देत नाहीत. बहुतेकांत हे काही दिवसांत, एक-दोन आठवड्यांत सुधारते. मधुमेह, वाढते वय, अशक्तपणा किंवा बिडीचे व्यसन असेल तर धोका जास्त.

लहान मुलांत आणखी एक गोष्ट असते. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते, तिथे टी-पेशी तयार होतात. हृदयापर्यंत पोचण्यासाठी ती कधी कधी काढावी लागते. म्हणून बाळाच्या ऑपरेशनचे कागद जपा आणि लसींबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

घरी एवढे पाळा :
• पहिले काही आठवडे भेटायला गर्दी नको. सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच विचारपूस करावी.
• रुग्णाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.
• जखमेवर हळद, राख, अंगारा लावू नका.
• अंड्याने जखम चिघळते हा गैरसमज आहे. जखम भरायला अंडी, डाळ, मटकी हवीच.
• साखर तपासत राहा. बिडी, तंबाखू बंद.
• झडप बदललेली असेल तर दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगा.
• ताप, धाप, जखमेतून पू, छातीचे हाड हलल्यासारखे वाटणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. 'नजर लागली' म्हणत थांबू नका.

ऑपरेशन पुण्या-मुंबईत झाले असले तरी तापासाठी तिकडे धावायची वाट पाहू नका. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्या पहिल्या टप्प्यातल्या, 2012 च्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. हा आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत.

शरीराचे पहारेकरी सावरेपर्यंत पहारा घरच्यांनी द्यायचा.