ग्रामपंचायत, अंगणवाडीची नवी इमारत होतेय? स्लॅब पडण्याआधी ‘हे’ विचारा

वाणगाव : वाणगावच्या एका बाजूला तारापूरचे अणुवीज केंद्र, १९६९ पासून चालू. दुसऱ्या बाजूला डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र. वीज तयार होते ती आपल्याच पट्ट्यात. तरी मे महिन्यात दुपारी लाईट गेली की पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या इमारतीत बसवत नाही. अंगणवाडीतली पोरं घामाघूम होतात, दवाखान्यात बाळंतिणीचे हाल होतात.

हा त्रास पंखे वाढवून जात नाही. तो इमारत बांधतानाच कमी करता येतो. सरकारी भाषेत अशा इमारतीला ‘हरित इमारत’ म्हणतात.

नियम काय सांगतो?

केंद्राच्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली, २०१७ मध्ये ती सुधारली. भिंत, छप्पर, खिडक्या, दिवे, एसी यांनी किती वीज वाचवायची ते त्यात ठरवून दिले आहे. पण ती १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त वीजभार असलेल्या मोठ्या इमारतींसाठी आहे. याशिवाय ‘ग्रिहा’ नावाचे मानांकन आहे. त्यात इमारतीला एक ते पाच तारे मिळतात. दिल्लीतले इंदिरा पर्यावरण भवन हे २०१४ चे पाच तारे मिळालेले सरकारी कार्यालय. त्यावर ९३० किलोवॅटचे सोलर आहे.

गावातल्या ग्रामपंचायत कार्यालयाचा भार बहुतेक एक-दोन किलोवॅटचा. म्हणजे ही संहिता आपल्या अंगणवाडीपर्यंत येत नाही. विचारायचे ते गावानेच.

वीज न जाळता थंडावा

आपल्याकडच्या जुन्या घरांत ही अक्कल होतीच. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौल, पुढे पडवी. ऊन थेट भिंतीवर येत नसे आणि वारा आरपार जाई. तेच नव्या इमारतीत करता येते :

- लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला मोठ्या खिडक्या नकोत, तिकडे व्हरांडा किंवा झाड हवे.
- खिडक्या समोरासमोर आणि वर रुंद सज्जा. आपल्या दमट हवेत वारा खेळणे सगळ्यात महत्त्वाचे.
- स्लॅबवर पांढरा, ऊन परतवणारा रंग किंवा चुना. चुना पावसात धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी नवा हात द्यावा लागतो.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी नकाशातच ठरतात. एकदा पाया घातला की इमारतीची दिशा बदलता येत नाही.

बिलाचा हिशेब

समजा, कार्यालयात ६ पंखे आणि ६ ट्यूबलाईट आहेत, रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस चालतात. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅट. महिन्याला १५० युनिट झाले. त्याजागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे आणि २० वॅटच्या एलईडी ट्यूब लावल्या तर ६० युनिट. म्हणजे महिन्याला ९० युनिट वाचले, वर्षाला हजाराच्या वर. हा पैसा घरपट्टीतूनच जातो. बीएलडीसी पंखा महाग पडतो, पण रोज बराच वेळ चालणाऱ्या ठिकाणी फरकाचे पैसे बिलातून सुटतात.

सोलर लावताना फसू नका

छपरावरचे १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देते. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. फक्त नेट मीटरला जोडलेले, बॅटरी नसलेले सोलर लाईट गेल्यावर बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसे बनवलेले असते. ग्रामपंचायतीचे बिल कमी करायला ते पुरते. आरोग्य केंद्रात मात्र प्रसूती खोली आणि लसींचा फ्रिज चालू राहायला बॅटरी लागतेच. लसी २ ते ८ अंशांतच टिकतात. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च कोण करणार, हे बसवतानाच लिहून घ्यावे.

पैसा आणि अधिकार कुठून?

डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसाच्या ५ टक्के अबंध निधीतून ग्रामपंचायत कार्यालय, अंगणवाडी, शाळा, आरोग्य केंद्र अशी कामे घेता येतात आणि ती ग्रामसभेत ठरतात. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातही, जे २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाले, ‘अग्नी’ या घटकाखाली ऊर्जा बचतीचे आणि सोलरचे गुण गावाला मिळतात.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत इमारतीचा विषय निघाला, तर सरपंच, ग्रामसेवक आणि अभियंत्यांना एवढे विचारा : नकाशा दाखवा, इमारतीचे तोंड कुठे? पश्चिमेचे ऊन कसे अडवणार? छपराला काय करणार? इस्टिमेटमध्ये पंखे-दिवे किती वॅटचे आहेत? सोलरला बॅटरी आहे का, देखभाल कोणाकडे? उत्तरे ठरावाच्या वहीत लिहून घ्या. स्लॅब पडल्यावर विचारून उपयोग नाही. त्याच छताखाली पोरांना पुढची तीस-चाळीस वर्षे बसायचे आहे.