दगडावरचे रुआँ

इंग्रज चित्रकार रिचर्ड पार्क्स बॉनिंग्टन याने १८२४ साली फ्रान्समधल्या रुआँ शहरातला एक रस्ता शिळाछापात उतरवला. अरुंद गल्ली, जुनी उंच घरे आणि रस्त्यावरून आडव्या गेलेल्या कमानीवर शहराचे मोठे घड्याळ. बॅरन टेलर आणि शार्ल नोदिए यांनी १८२० पासून प्रसिद्ध करायला घेतलेल्या, जुन्या फ्रान्सच्या सचित्र ग्रंथमालेसाठी ते चित्र होते. मध्ययुगीन वास्तूंच्या ओढीने भारलेल्या त्या पिढीला शिळाछाप इतका का मानवला, हे त्याची कृती पाहिली की उमगते.

शिळाछापाचा शोध म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने १७९८ च्या सुमारास लावला. त्यासाठी बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा बारीक पोताचा चुनखडक उत्तम. आधी दोन शिळा एकमेकींवर ठेवून, मध्ये वाळू आणि पाणी घालून घासतात. त्यामुळे पृष्ठभागाला बारीक रवा येतो. मग मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या कांडीने थेट शिळेवर चित्र काढायचे, तेही उलटे. कारण छापताना डावे-उजवे बदलते.

चित्र झाले की डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल मिसळून ते शिळेवर पसरतात. त्याने रेषांमधली चरबी दगडात पक्की बसते आणि मोकळी जागा पाणी धरून ठेवू लागते. आता ओला स्पंज फिरवून वर तेलकट शाईचा रूळ चालवला, की शाई फक्त रेषांवर चढते. ओली जागा तिला थारा देत नाही. कागद ठेवून शिळा दाबयंत्राखालून सरकवली की छाप तयार. प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा पाणी, पुन्हा शाई.

यात कोरणे कुठेच नाही. तांब्यावरच्या खोदकामात चित्रकाराची रेषा बहुधा दुसऱ्या कारागिराच्या हातून जाई. इथे त्याचा स्वतःचा हात कागदापर्यंत पोचतो. शिवाय कांडी रव्यावरून फिरताना उंचवट्यांवरच ठिपके सोडते. हात हलका ठेवला तर विरळ करडी छटा, दाब दिला तर दाट काळोख. पोपडे निघालेली भिंत, काजळलेला दगड, कमानीखालची सावली दाखवायला याहून सोयीचे साधन तेव्हा क्वचितच होते.

पुढे रंगही आले. टॉमस शॉटर बॉइझच्या १८३९ च्या संग्रहात पॅरिस, गेंट, अँटवर्प आणि रुआँच्या वास्तू अनेक शिळांवरून रंगीत छापल्या गेल्या. रंगागणिक वेगळी शिळा, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तरी खिडकीचा रंग चौकटीबाहेर जाणार.

असे एखादे जुने चित्र हाती आले, तर छायेच्या जागी भिंग धरावे. खोदकामात तिथे रेषांची जाळी दिसते, कांडीने काढलेल्या शिळाछापात दगडाचा रवा.