उन्हाळ्यांतील घोडें व शेतकऱ्याचा हिशेब

आपल्या जिल्ह्यांत घोडें बाळगणें ही आतां गरज राहिलेली नाहीं. तरीही लहान जमिनीच्या पुष्कळ धन्यांच्या दारांत एखादी घोडी दिसते. कोणी ती लग्नसराईच्या मिळकतीसाठीं ठेवतो. पारनेरच्या बाजूस कोणी बैलगाड्यांच्या शर्यतींत पुढें धांवविण्यासाठीं ठेवतो. धनगर बंधूंचें बिऱ्हाड तिच्याच पाठीवर चालतें. आणि कोणी केवळ वडिलार्जित आवडीनें ती सांभाळतो. हेतु कोणताही असो, घोडें झेपतें कीं नाहीं याचा निकाल पावसाळ्यांत लागत नाहीं व हिंवाळ्यांतही लागत नाहीं. तो फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या चार महिन्यांत लागतो. वैशाखांत कडबा संपला म्हणून चांगलें जनावर मिळेल त्या किंमतीस काढावें लागतें, किंवा पोटशूळानें तें एका रात्रींत दगावतें. उभी हयात महसूल खात्याच्या कागदांत गेल्यामुळें आम्हांस हिशेब मांडण्याची संवय आहे. श्रीगोंदें तालुक्यांतील आमच्या वस्तीवर दोन घोडीं आहेत. त्यांच्या उन्हाळ्याचा हिशेब व दिनक्रम वाचकांपुढें ठेवीत आहों.

भीमा नदी श्रीगोंदें व कर्जत या तालुक्यांच्या दक्षिण अंगानें वाहते. तिच्या खोऱ्यांतील घोडें तें भीमथडी. लहान बांधा, कठीण खूर व थोड्या चाऱ्यावर निभाव हे त्याचे गुण मराठ्यांच्या घोडदळानें ओळखले होते. स्वतंत्र देशी जात म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें तिची नोंद केल्याचें सन २०२४ च्या आरंभीं जाहीर झालें. परंतु दप्तरांतील नोंदीनें जात टिकत नाहीं; ती शेतकऱ्याच्या गोठ्यांत टिकते. शिवाय या काटकपणाविषयीं एक मोठा गैरसमज आहे. काटक घोडें कमी चाऱ्यांत जगतें हें खरें, पण तें कमी पाण्यांत जगतें असा त्याचा अर्थ नव्हे.

पाणी.— घोडें आपलें अंग मुख्यत्वें घामानें थंड राखतें, व त्या घामाबरोबर पुष्कळ मीठ बाहेर जातें. सुमारें २५० ते ३०० किलो वजनाच्या घोड्यास थंडीच्या दिवसांत, काम नसतांना, १५ लिटर पाणी पुरतें. वैशाखांत काम असेल तर तेंच मान ३० ते ४० लिटरांवर जातें. अंगावर शिंगरूं पीत असेल तर घोडीस याहूनही अधिक लागतें. रोजचे ४० लिटर धरले तर १२० दिवसांचे ४,८०० लिटर होतात, व दोन घोड्यांचे ९,६००. म्हणजे साऱ्या उन्हाळ्याचें पिण्याचें पाणी १०,००० लिटरांच्या एका टँकरांत बसतें! अडचण पाण्याच्या परिमाणाची नसून वेळेची आहे. तीन दिवसांनीं येणारा टँकर घोड्याच्या तहानेसाठीं थांबत नाहीं. यास्तव सांवलींत एक लहान हौद बांधावा, तो आठवड्यास घांसून धुवावा, व सैंधवाचा खडा चाटण्यासाठीं नेहमीं टांगून ठेवावा.

तापून आलेल्या घोड्यास पाणी दाखवूं नये व त्याच्या अंगावर थंड पाणी ओतूं नये, असें जुने लोक सांगत. ही समजूत आतां सोडली पाहिजे. सन १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें घोड्यांच्या उष्म्याविषयीं पुष्कळ संशोधन झालें. तापलेल्या घोड्यावर भरपूर थंड पाणी ओतल्यानें अपाय होत नाहीं, उलट तो लवकर निवतो, असें त्यांत दिसून आलें. मान, छाती, पाठ व मांड्या यांवर पाणी ओतीत राहावें. पिण्यास प्रथम कांहीं घोट द्यावेत, थोडें फिरवावें, मग पुन्हां पाजावें. तहानलेलें ठेवणें यांत कांहींच शहाणपण नाहीं.

चारा.— एका घोड्यास दिवसास ६ किलो सुका चारा धरावा. चार महिन्यांचा ७२० किलो होतो. रब्बी ज्वारीची काढणी होते तेव्हां कडबा स्वस्त असतो, म्हणून त्याच वेळीं तो घेऊन गंजी लावावी. पेंढीचें वजन गांवोगांव निराळें असतें, तेव्हां पेंढ्या मोजण्यापेक्षां कांटा लावावा. पिकाची आणेवारी नजरेनें काढतां येते. गंजीची काढूं नये. कडबा बारीक तोडून, बुरशी पाहून घालावा. जमिनीवर टाकलेला चारा खातांना माती व वाळू पोटांत जाते व ती आंतड्यांत सांचून शूळ उठतो; म्हणून चारा गव्हाणींतच द्यावा व दाणा तोबऱ्यांत.

बागाईत भागांत उन्हाळ्यांत उसाचें वाढें मुबलक मिळतें. त्यांतील एका अम्लामुळें अन्नांतील चुना अंगीं लागत नाहीं, व केवळ वाढ्यावर पोसलेल्या घोड्याचीं हाडें ठिसूळ होतात. वाढें द्यावयाचेंच तर थोडें द्यावें व जोडीस घास द्यावा. घासांत चुना विपुल असतो. आपला जिल्हा कांद्याचा. चैत्रांत निवडणीनंतर सडक्या व चिंगळ्या कांद्याचे ढीग बांधाला पडतात. ते घोड्यास घालूं नयेत; कांद्यानें घोड्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. कुंपणाची कण्हेर तर विषच होय. भुकेलें घोडें एरवीं सोडून दिलेल्या पाल्यासही तोंड लावतें, यासाठीं कण्हेर त्याच्या तोंडापासून दूर असावी.

चंदी म्हणून कामाच्या दिवशीं एक किलो भिजविलेला हरभरा पुरे. काम नसेल त्या दिवशीं अर्धा द्यावा. पुरी चंदी खाऊन दोन दिवस उभें राहिलेलें घोडें तिसऱ्या दिवशीं एकदम राबविलें, तर त्याच्या मांड्या आंखडतात व लघवी काळसर होते.

दिनक्रम.— पहांटे पांच वाजतां पाणी व थोडा चारा. सहा ते नऊ काय तें काम. दहाच्या आंत घोडें सांवलींत आलें पाहिजे. छपराची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे दुपारचें ऊन आंत शिरत नाहीं. पत्रा असल्यास त्यावर पाचट पसरावें, मात्र चूल व विजेची तार त्यापासून दूर हवी. बाजू उघड्या ठेवाव्यात. वारा अडविलेल्या पागेपेक्षां निंबाची सांवली बरी. दुपारीं पाणी समोर ठेवून घोड्यास अगदीं स्वस्थ राहूं द्यावें. पांच वाजतां खरारा करावा, खूर साफ करावेत, नालांचे खिळे पाहावेत. मग आधीं पाणी व नंतर चंदी. चाऱ्याचा मोठा वांटा रात्रीं नऊनंतर घालावा. चारा पचतांना अंगांत उष्णता उत्पन्न होते. ती रात्रीच्या गारव्यांत सोसते.

घोडीचा गर्भकाळ सुमारें अकरा महिन्यांचा. चैत्रांत भरविलेली घोडी पुढील फाल्गुनांत विते. म्हणजे शिंगरूं नेमकें उन्हाच्या तोंडाशीं येतें. यास्तव वीत जवळ आलेल्या घोडीसाठीं सांवली व घास यांची सोय माघांतच करावी.

लग्नसराई.— वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग याच दिवसांत येतो, व घोड्याची सर्वांत अधिक नासाडीही याच दिवसांत होते. डांबरी रस्ता, भर दुपार, वाजंत्री व फटाके यांत दोन-दोन तास उभें राहणें हें नांगराच्या कामाहून कठीण आहे. ठरवितांनाच सांगावें कीं चारच्या आधीं घोडें उभें राहणार नाहीं, व पाण्याची बादली बरोबर असेल. दोन सुपाऱ्या गेल्या तरी चालतील. घोडें गेलें तर पुढील सर्वच जातात. धनुर्वाताची लस फाल्गुनांत टोंचून घ्यावी. खिळा रुतलेल्या खुरांतून हा रोग घोड्यास फार लवकर गांठतो.

धोक्याचीं चिन्हें.— स्वस्थ उभ्या घोड्याचा श्वास मिनिटास ८ ते १६ व अंगाची उष्णता ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते. ती ४० वर गेली, नाकपुड्या फुलून श्वास जलद चालला, किंवा उन्हांत घाम येणें थांबलें, तर विलंब न करितां सांवलींत नेऊन पाणी ओतावें व पशुवैद्यास बोलवावें. वळून पोटाकडे पाहणें, पाय आपटणें, लोळणें व लीद बंद होणें हीं शूळाचीं लक्षणें होत. घोड्यास ओकतां येत नाहीं, म्हणून त्याचा शूळ बैलाच्या पोटफुगीहून घातक. घरीं नळीनें तेल पाजण्याची चाल आहे. तें फुप्फुसांत गेल्यास घोडें त्यानेंच मरतें.

ज्येष्ठांत पहिला पाऊस पडला कीं आपण सुटलों असें वाटतें. पण ज्वारीच्या खोडांस फुटलेले कोंवळे धुमारे याच वेळीं गुरांस बाधतात, व हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस चरलेल्या घोड्याचें मूत्राशय बिघडून मागले पाय लटपटतात. ओला चाराही आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा.

सारांश, माघ संपण्यापूर्वीं प्रत्येकानें कागदावर चार ओळी मांडाव्यात: पाणी ४,८०० लिटर, सुका चारा ७२० किलो, दुपारची सांवली, व सकाळ-संध्याकाळ घोड्याजवळ राहणारें घरचें एक माणूस. चारही रकाने भरत असतील तर दहा एकरांच्या धन्यासही घोडें झेपतें. एक जरी रिकामा राहिला, तर जनावर त्याच वेळीं, अंगावर मांस असतांना, चांगल्या घरीं द्यावें. वैशाखापर्यंत वाट पाहिली तर किंमत व घोडें दोन्ही हातचीं जातात.