समजून घ्या : वाद जिंकला म्हणजे श्रद्धा पटते का? ख्रिस्ती ‘अपोलोजेटिक्स’चे बळ आणि मर्यादा

देव दयाळू असेल तर जगात इतके दुःख का? देव एकच, तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे कसे? असे प्रश्न ख्रिस्ती धर्माला शतकानुशतके विचारले जात आहेत. त्यांना युक्तिवादाने उत्तर देणाऱ्या अभ्यासशाखेला ‘अपोलोजेटिक्स’ म्हणतात. पण युक्तिवादाने श्रद्धा निर्माण होते का?

नावात ‘अपोलोजी’, मग माफी कसली?

माफीशी याचा संबंध नाही. ग्रीक भाषेत ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपीने न्यायालयात मांडलेला बचाव. दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांवर चक्क नास्तिकतेचा आरोप होत असे. जस्टिन या तत्त्वज्ञाने थेट सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून बचाव लिहिला. पुढे रोममध्ये त्याला मृत्युदंड झाला. म्हणजे सुरुवातीला हा प्रश्न जिवाचा होता.

महाराष्ट्राशी काय संबंध?

नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित. जॉन म्यूर यांनी 1839 मध्ये संस्कृतात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली, तेव्हा गोऱ्हे यांनी संस्कृतातच ग्रंथ लिहून तिचे खंडन केले. मात्र 1848 मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. ‘षड्दर्शन दर्पण’ या ग्रंथात त्यांनी हिंदू दर्शनांवर टीका केली. तरीही शंकांनी त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही.

रमाबाईंना काय पटले?

पंडिता रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. आपल्या वैचारिक शंका दूर होण्यात गोऱ्हे यांच्या पत्रांचा वाटा होता, असे त्यांनी पुढे लिहिले. पण त्याआधी त्यांच्या मनाला भिडले ते लंडनमधील एका आश्रमातील दृश्य. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तिथल्या सिस्टर मायेने सेवा करत होत्या. असे का करता, या प्रश्नावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली.

बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई गप्प बसल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी भेटला, असा त्यांच्या कबुलीचा आशय आहे.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा खुद्द धर्मपंडितांनी मान्य केलेली आहे. देव आहे हे बुद्धीने दाखवता येते, पण त्रैक्य केवळ बुद्धीने सिद्ध होत नाही, असे 13 व्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट केले. तिथे तर्काचे काम आक्षेपांना उत्तर देण्यापुरते.

दुसरी मर्यादा वाद घालणाऱ्याची. लेखक सी. एस. लुईस यांनी 1945 मध्ये धर्मगुरूंपुढे कबूल केले, की एखादा सिद्धांत जाहीर वादात यशस्वीपणे मांडून झाला, की तोच आपल्याला सर्वात पोकळ वाटू लागतो.

मग उपयोग काय?

तर्क वाटेतले दगड बाजूला करतो. चालायचे की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात उत्तर द्यायला सदैव तयार राहा, असे सांगितले आहे. मात्र ते सौम्यतेने द्यावे, हेही त्याच वचनाच्या ओघात येते. वादाच्या भरात नेमके तेच विसरले जाते.